मानेतली गाठ, छातीतली शाळा

लिम्फोमा म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींचाच कर्करोग. तो झाल्यावर खचलेली प्रतिकारशक्ती पुन्हा उभी करण्यासाठी अर्ध्या शतकापूर्वी थायमस ग्रंथीचा अर्क टोचून पाहिला गेला. आज त्याच ग्रंथीत घडलेल्या पेशी मुंबईत औषध म्हणून रुग्णाला दिल्या जात आहेत. या दोन प्रयत्नांत काय फरक आहे, हे रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी समजून घ्यायला हवे.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत शिरले की रस्त्यावरचा गोंगाट मागे पडतो. दोन्ही बाजूंना लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची जुनी घरे. समजा, यातल्याच एका घरातल्या पासष्टीच्या आजोबांना दाढी करताना मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून पहिले काही दिवस दुर्लक्ष झाले. मग संध्याकाळची कणकण सुरू झाली. रात्री बनियन घामाने भिजू लागला. पट्ट्याला एक भोक जास्त पाडावे लागले. शेजारच्यांनी धीर दिला, ‘‘आजोबा, गंडमाळ असेल. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की बसेल खाली.’’

मुंबईत हा तर्क अगदीच चुकीचा नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि मानेतल्या लसिका ग्रंथींचा टीबी आपल्याकडे नेहमी दिसतो. मात्र ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन ही तिन्ही लक्षणे लिम्फोमाच्या यादीतही तशीच्या तशी आहेत. केवळ बोटांनी चाचपून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. सुईने काढलेल्या थोड्याशा पेशींवरूनही अनेकदा निदान पक्के होत नाही, कारण लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवण्यासाठी ग्रंथीची अंतर्गत रचना पाहावी लागते. त्यासाठी शक्यतो पूर्ण गाठ काढून तिची बायोप्सी करावी लागते. ती न करता अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि आजार लिम्फोमा निघाला, तर मधले मोलाचे महिने वाया जातात.

टीबी नाही, हे कळले तेव्हा

टीबी आणि लिम्फोमाची ही गल्लत शंभर वर्षांहून जुनी आहे. विशेष म्हणजे, ती सोडवताना वैद्यकशास्त्राला एका मोठ्या कोड्याचा पहिला धागा सापडला.

१८३२ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी लसिका ग्रंथी आणि प्लीहा सुजून दगावलेल्या काही रुग्णांची नोंद केली. पुढे या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. तरी तो वेगळा आजार आहे की टीबीचेच एक रूप, हा वाद कित्येक दशके चालला. १९०२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे काम करणाऱ्या तरुण डॉक्टर डोरोथी रीड यांनी या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासल्या. त्यांत दिसणाऱ्या मोठ्या, एकाहून अधिक केंद्रके असलेल्या पेशींचे त्यांनी वर्णन केले. हा टीबी नव्हे, असे त्यांनी ठामपणे मांडले.

त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. टीबीच्या जंतूंपासून तयार केलेले ट्यूबरक्युलिन या रुग्णांना टोचले असता अपेक्षित प्रतिक्रिया उमटत नव्हती. पुढे त्वचेवर करायची मांटू चाचणी आली, तेव्हाही हेच दिसत राहिले. ज्या काळात टीबीचा जंतू बहुतेकांच्या शरीरात कधी ना कधी येऊन गेलेला असे, त्या काळात या रुग्णांची त्वचा मात्र गप्प होती. जणू शरीर आपला जुना शत्रू ओळखायलाच विसरले होते.

आज यावरून एक व्यावहारिक धडा घेता येतो. मांटू चाचणीत काहीच उमटले नाही, म्हणजे ‘सगळे ठीक’ असे नव्हे. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात टीबी असूनही ती चाचणी गप्प राहू शकते. विसर नेमका कोणाला पडला होता, हे मात्र रीड यांच्या काळात कोणालाच सांगता येत नव्हते. ते कळायला आणखी साठ वर्षे लागली, आणि उत्तर मानेत नव्हे, तर छातीत सापडले.

छातीतली शाळा

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला दोन पाळ्यांची एक मऊ ग्रंथी असते. तिचे नाव थायमस. मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असेही म्हणतात, आणि हे नाव तिचे सारे चरित्र सांगते. बाळपणी ती शरीराच्या मानाने बरीच मोठी असते. वयात येईपर्यंत ती वाढते आणि त्यानंतर हळूहळू ओसरू लागते. खोताच्या वाडीत जुनी घरे एकेक करून कमी होत गेली, तशीच ही ग्रंथीही एकेका दशकात आकसत जाते आणि तिच्या जागी चरबी भरते. उतारवयात तिचा फार थोडा भाग कामाचा उरतो.

प्रौढ प्राण्यातून ती काढून टाकली तरी लगेच काही बिघडत नसे. त्यामुळे ही ग्रंथी निरुपयोगी अवशेष आहे, असाच समज होता. १९६१ मध्ये जॅक मिलर या तरुण शास्त्रज्ञाने लंडनमध्ये हा समज मोडला. ते उंदरांमधल्या लसिका पेशींच्या ल्युकेमियावर काम करत होते. हा आजार थायमसमध्ये सुरू होतो, म्हणून त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांची थायमस काढली. ती पिले मोठी होताना साध्यासुध्या संसर्गांनी मरू लागली. दुसऱ्या जातीच्या उंदराची त्वचा त्यांच्या अंगावर लावली, तर शरीर ती नाकारेना. आपले कोण आणि परके कोण, हे ओळखायचे शिक्षणच त्यांना मिळाले नव्हते.

थायमस ही खरोखर शाळा आहे. अस्थिमज्जेत जन्मलेल्या कोवळ्या पेशी तिथे येतात आणि त्यांना दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली परीक्षा ओळखण्याची: शरीरातल्या पेशी ज्या ‘ताटली’वर आपल्या आतले नमुने मांडून दाखवतात, ती ताटली वाचता येते का? दुसरी संयमाची: आपल्याच शरीराच्या नमुन्यावर ही पेशी तुटून तर पडत नाही ना? बहुतेक विद्यार्थी नापास होतात आणि तिथेच मरतात. शंभरातल्या जेमतेम दोन-चार पेशी उत्तीर्ण होऊन रक्तात उतरतात. थायमसच्या इंग्रजी आद्याक्षरावरून त्यांना टी पेशी म्हणतात. विषाणूने बाधित झालेल्या पेशी मारणे, बी पेशींना प्रतिपिंडे बनवायला मदत करणे आणि टीबीच्या जंतूला वेढून ठेवणे ही त्यांची कामे. मांटू चाचणीत हातावर उठणारी लालसर गाठ ही याच पेशींची सही असते. रीड यांच्या रुग्णांमध्ये गप्प होत्या त्या याच पेशी.

शाळा ओसरली तरी प्रौढ माणूस लगेच आजारी का पडत नाही? कारण उत्तीर्ण झालेल्या पेशी दीर्घायुषी असतात आणि गरजेप्रमाणे स्वतःच्या प्रती काढतात. मात्र प्रती काढून संख्या भरून निघते, नवे ज्ञान येत नाही. लिम्फोमाच्या रुग्णाची अडचण इथेच सुरू होते. आजार आधीच या पेशींना दुबळे करतो. त्यावर केमोथेरपी त्यांतल्या कित्येक मारते. पूर्वी हॉजकिन्सच्या रुग्णांना छातीवर रुंद पट्ट्यात रेडिएशन दिले जाई, त्यात थायमसही होरपळत असे. आजारातून पूर्ण बरे झालेल्यांमध्येही टी पेशींची उणीव वर्षानुवर्षे राहते, हे १९८०च्या सुमारास स्पष्ट झाले होते.

अर्काची आशा

शाळा बंद पडली असेल, तर तिच्यातला गुरुमंत्र बाटलीत भरून देता येईल का? हा प्रश्न १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अॅलन गोल्डस्टीन आणि अब्राहम व्हाइट यांनी हाती घेतला. वासरांच्या थायमसपासून त्यांनी एक अर्क वेगळा काढला, त्याला नाव दिले थायमोसिन. १९७४ मध्ये थायमस नीट न वाढलेल्या एका बालकाला अमेरिकेत हा अर्क प्रथम टोचला गेला. १९७७ पर्यंत त्यातला एक शुद्ध घटक हाती आला. २८ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी म्हणजे थायमोसिन अल्फा-१. पुढे ती प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्याही बनवता आली.

कर्करोग्यांवर, विशेषतः लिम्फोमाच्या रुग्णांवर, हा अर्क वापरून पाहण्याची कल्पना ओघानेच आली. त्या काळी टी पेशी मोजण्याची एक गमतीदार रीत होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मेंढीच्या लाल रक्तपेशींत मिसळत. टी पेशींभोवती त्या लाल पेशी पाकळ्यांसारख्या चिकटत आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबाचे फूल दिसे. रुग्णांच्या रक्तात थायमोसिन मिसळले की अशी फुले वाढलेली दिसत. उत्साह वाढायला एवढे पुरे होते. १९८०च्या दशकात इटलीत थायमोस्टिम्युलिन हा वासराच्या थायमसचा अर्क हॉजकिन्समधून बऱ्या झालेल्या रुग्णांवरही तपासण्यात आला. उद्देश सरळ होता: आजार गेला, आता खचलेली प्रतिकारशक्ती परत आणायची.

चार दशकांनंतरचा ताळेबंद मात्र माफक आहे. लिम्फोमाच्या प्रमाणित उपचारांत या अर्कांना कधीच जागा मिळाली नाही. थायमोसिन अल्फा-१ला काही देशांत, मुख्यतः हिपॅटायटिससाठी, मान्यता मिळाली. अमेरिकेच्या औषध नियामकाने ती दिलेली नाही. रक्तात विष पसरण्याच्या गंभीर अवस्थेत, म्हणजे सेप्सिसमध्ये, या औषधाचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी चीनमध्ये १,१०६ रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत २८ दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते.

असे का व्हावे? रक्त तपासणीतला आकडा सुधारणे ही एक गोष्ट. रुग्णाला संसर्ग कमी होणे, तो जास्त जगणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही. शिवाय कोवळ्या पेशींना परीक्षा देण्यासाठी जिवंत वर्ग लागतो. ज्या वयात लिम्फोमा जास्त आढळतो, त्या वयात वर्गखोल्यांची जागा चरबीने घेतलेली असते. फक्त घंटा वाजवून शाळा भरत नाही.

वर्ग शिल्लक असेल तर काय होते, हे अमेरिकेतल्या क्रिस्टल मॅकॉल यांच्या १९९५ मधल्या अभ्यासाने दाखवले. कर्करोगासाठी जोरदार केमोथेरपी घेतलेल्या १ ते २४ वर्षे वयाच्या १५ रुग्णांना त्यांनी पाहिले. लहान मुलांमध्ये उपचारानंतर थायमस पुन्हा फुगली आणि टी पेशी झपाट्याने भरून आल्या. वय जितके जास्त, तितकी ही भरपाई कमी. यातून पालकांच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. लिम्फोमातून बऱ्या झालेल्या मुलाच्या स्कॅनमध्ये छातीत काही चमकले, तर तो आजार परतल्याचाच पुरावा नसतो. अनेकदा ती पुन्हा जागी झालेली थायमस असते, आणि हा फरक अनुभवी डॉक्टर ओळखतात.

जिवंत थायमस काय करू शकते, याचा आणखी ठोस पुरावा २०२१ मध्ये मिळाला. जन्मतः थायमसच नसलेल्या बालकांसाठी अमेरिकेत एका उपचाराला मान्यता मिळाली. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दुसऱ्या बाळांची काढावी लागलेली थायमस प्रयोगशाळेत जोपासून तिच्या चकत्या या बालकांच्या मांडीच्या स्नायूत बसवतात. काही महिन्यांनी त्यांच्या रक्तात शिकून तयार झालेल्या नव्या टी पेशी दिसू लागतात. म्हणजे थायमसपासूनचा उपचार शक्य आहे, पण तिथे अर्क नव्हे, शाळाच बसवावी लागली.

प्रौढपणीही ही ग्रंथी अगदी निकामी नसते. २०२३ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना छातीची इतर शस्त्रक्रिया झालेल्यांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटातले ८.१ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले २.८ टक्के. कर्करोगाचे प्रमाणही पहिल्या गटात सुमारे दुप्पट होते. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही ‘काढली तर काय बिघडते’ असे आता कोणी सहज म्हणत नाही.

शिपाई तेच, पत्ता नवा

शाळा परत उभारता येत नसेल, तर तिथून पूर्वीच शिकून बाहेर पडलेल्या पेशींचे काय? त्या रक्तात अजून आहेत, थकलेल्या का असेनात. लिम्फोमाची पेशी ही शरीराची स्वतःचीच बिघडलेली पेशी. ‘आपल्यांवर हात उचलायचा नाही’ असे शिकलेल्या टी पेशी तिच्यावर सहसा तुटून पडत नाहीत. मग त्यांना नेमका पत्ता लिहून दिला तर? कार-टी उपचाराची ही मूळ कल्पना.

बहुतेक लिम्फोमा बी पेशींपासून होतात आणि बी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१९ नावाचे प्रथिन असते. रुग्णाच्या रक्तातून यंत्राच्या साहाय्याने टी पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यामुळे त्यांच्या अंगावर सीडी१९ पकडणारा कृत्रिम ग्राहक उगवतो. अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. दरम्यान रुग्णाला थोडी केमोथेरपी देऊन शरीरात जागा मोकळी करतात आणि मग रक्ताची बाटली चढवावी तशा या पेशी शिरेतून परत देतात. शरीरात गेल्यावर त्या आणखी वाढतात आणि सीडी१९ दिसेल त्या पेशीवर हल्ला करतात. थायमसमध्ये शिकलेली ‘ताटली’ वाचण्याची अट इथे लागू नसते. पेशीच्या अंगावरची खूण पुरते.

परदेशात २०१७ पासून लिम्फोमासाठी हा उपचार उपलब्ध होता, पण त्याचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात. भारतात तो तयार झाला मुंबईतच. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या चमूने पेशी घडवल्या. टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रुग्णांवर तपासल्या. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये देशातला पहिला कार-टी उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने ‘नेक्सकार१९’ला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत त्याचे लोकार्पण झाले. मार्च २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अहवालात ६४ रुग्णांची माहिती होती. इतर उपचार थकलेल्या या रुग्णांपैकी ज्यांचा परिणाम मोजता आला, त्यांतल्या सुमारे ७३ टक्के जणांत आजाराने प्रतिसाद दिला.

परळच्या टाटा रुग्णालयाच्या जन्मकथेशी याचा एक धागा जुळतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यानंतर टाटा विश्वस्त निधीतून उभे राहिलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्या काळी रक्ताच्या कर्करोगावर हाती काहीच नव्हते. आज त्याच संस्थेत रुग्णाच्या स्वतःच्या पेशी औषध ठरत आहेत.

या आनंदात तीन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली, प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. काहींमध्ये आजार परततो. दुसरी, टी पेशी एकदम चवताळल्याने तीव्र ताप, रक्तदाब घसरणे, क्वचित मेंदूवर परिणाम असे धोके असतात. म्हणून अशा उपचारांचा अनुभव असलेले रुग्णालय लागते. तिसरी, सुरुवातीला याचा खर्च सुमारे ४० लाख रुपये ठेवण्यात आला. परदेशाच्या मानाने तो फार कमी, तरी चाळीतल्या किंवा वाडीतल्या कुटुंबासाठी डोंगराएवढा. शिवाय पहिला उपचार हा नव्हे. बी पेशींचा सर्वांत जास्त आढळणारा वेगाने वाढणारा लिम्फोमा असलेल्या दर दहांपैकी सुमारे सहा रुग्ण केमोथेरपी आणि रिटुक्सिमॅब यांनीच बरे होतात. हॉजकिन्समध्ये हे प्रमाण आणखी चांगले आहे. ज्यांच्यात ते उपचार हरतात किंवा आजार परततो, त्यांच्यासाठी कार-टीचा विचार होतो.

हॉजकिन्सच्या रुग्णांसाठी वाट थोडी वेगळी आहे. त्या आजारातल्या पेशी टी पेशींचा ब्रेक दाबून धरतात, असे लक्षात आले. तो ब्रेक सोडवणारे निव्होलुमॅब हे औषध आधी २३ रुग्णांवर तपासले गेले. त्यांतल्या ८७ टक्क्यांत गाठी आटल्या, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रीड यांना शंभर वर्षांपूर्वी गप्प दिसलेल्या पेशी मेलेल्या नव्हत्या. त्यांतल्या काही दाबून ठेवलेल्या होत्या.

‘इम्युनिटी’ची बाटली

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. कार-टी किंवा निव्होलुमॅब हरवलेली प्रतिकारशक्ती सरसकट भरून देत नाहीत. उरलेल्या पेशींना नेमक्या शत्रूकडे वळवतात. किंबहुना कार-टीनंतर निरोगी बी पेशीही मारल्या जातात, प्रतिपिंडे घटतात आणि काही काळ संसर्गाचा धोका वाढतो. ‘इम्युनिटी वाढली की कॅन्सर पळतो’ ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

रुग्णाचे निदान झाले की ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ इंजेक्शने, काढे, चूर्णे सुचवणारे भेटतात. घरच्यांचा हेतू चांगला असतो, पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असे नसते. करोनाकाळात गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांना यकृताचा त्रास झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: केमोथेरपीत यकृतावर आधीच भार असतो. अशा वेळी डॉक्टरांना न सांगता घेतलेली कोणतीही बाटली धोक्याचीच. एखाद्या इंजेक्शनची शिफारस झाली, तर एकच प्रश्न विचारावा: याने फक्त रक्तातला आकडा सुधारतो, की माझ्या आजाराच्या रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे चाचणीत दिसले आहे?

खचलेल्या प्रतिकारशक्तीला खरा आधार देणाऱ्या गोष्टी साध्या आहेत.

• रिटुक्सिमॅब सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी. शरीरात दबून बसलेला हा विषाणू या औषधाने उसळू शकतो.

• फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टर सांगतील त्या वेळी. जिवंत जंतूंच्या लसी मात्र उपचारकाळात टाळाव्यात.

• केमोथेरपीच्या काळात ताप १०० अंशांच्या वर गेला, तर ‘सकाळी बघू’ म्हणून थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

• पूर्वी टीबी झाला असेल किंवा घरात कोणाला असेल, तर ते आवर्जून सांगावे.

• अंगावर नागिणीसारखे पुरळ, न थांबणारा खोकला किंवा जुलाब या तक्रारी उपचार संपल्यानंतरही कळवाव्यात. पेशींची संख्या भरून यायला महिने, कधी वर्षे लागतात.

पुन्हा त्या आजोबांकडे. चर्नी रोडला स्लो लोकल पकडली, तर प्रभादेवी पाचवे स्थानक, आणि तिथून परळचे टाटा रुग्णालय जवळच. प्रवास अर्ध्या तासाचाही नाही. खरा वेळ जातो तो त्याआधी: गाठ लागल्यापासून तिचा तुकडा तपासायला जाईपर्यंत. मानेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर ती टीबीची की लिम्फोमाची हे शेजाऱ्यांनी नव्हे, बायोप्सीने ठरवावे. टीबी निघाला, तर सहा महिन्यांच्या औषधाने तो बहुधा बरा होतो. लिम्फोमा निघाला, तरी आज हाती बरेच काही आहे. वेळेत सुरुवात झाली, तर पासष्टीतल्या शरीरातही छातीतल्या त्या जुन्या शाळेचे विद्यार्थी उपयोगी पडू शकतात.